पीपीचा आकडा एकटा वाचू नका: घरात नवं ग्लुकोमीटर आलेल्यांसाठी

लॅबच्या कागदावर ‘पीपी १८६’, म्हणजे जेवणानंतरची शुगर १८६, असं छापून आलं की घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, “काही नाही हो, परवाच्या लग्नातलं जेवण नडलं.” दुसरा त्याच संध्याकाळी कारल्याचा रस काढायला बसतो. १८६ कशानंतरचे, किती वेळाने मोजलेले आणि जेवायच्या आधी शुगर किती होती, हे मात्र कोणी विचारत नाही. ही तीन उत्तरं हाताशी नसतील तर १८६ चांगले की वाईट हे डॉक्टरांनाही धडपणे सांगता येत नाही.

ज्यांना नुकताच मधुमेह किंवा त्याच्या आधीचा टप्पा असल्याचं कळलंय आणि ज्यांच्या घरात मीटरचा नवा डबा उघडला गेलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांचे डोस यात नाहीत. ते ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम, आणि आपापसांत गोळ्यांची अदलाबदल करणाऱ्या शेजाऱ्यांचं तर मुळीच नाही.

पायरी १: जेवल्यावर काय होतं ते थोडक्यात

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. शुगर १०० आहे याचा अर्थ १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. हिशोब केला तर सगळ्या रक्तात मिळून जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आता दोन पोळ्या, वाटीभर भात, वरण आणि बटाट्याची भाजी असं साधं जेवण घ्या. त्यातून ८० ते १०० ग्रॅम ग्लुकोज आतड्यातून रक्तात यायला निघतं. इतकं ग्लुकोज येऊनही निरोगी माणसाची शुगर क्वचितच १४० च्या वर जाते, कारण ते येत असतानाच स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं. मग स्नायू आणि यकृत ते उचलून साठवतात. साधारण तासाभरात शुगर सर्वांत वर जाते आणि दोन-तीन तासांत मूळ जागी येते.

टाइप २ मधुमेहात पहिला बिघाड बहुधा इथेच होतो. घास पोटात जाताच जो इन्शुलिनचा झटपट पहिला हप्ता सुटायला हवा, तो कमी होतो किंवा उशिरा येतो. शिवाय जेवणानंतर यकृताने स्वतःकडचं ग्लुकोज सोडणं थांबवायला हवं, ते थांबत नाही. वरून ताटातलं येतंय, आतून यकृत सोडतंय. म्हणून काहींची उपाशीपोटीची शुगर ९८ असूनही जेवणानंतर २१० दिसते. फक्त फास्टिंग तपासून “मला काही नाही” म्हणणारे इथे फसतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आडवी येते: “मी तर बारीक आहे.” पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे, अशी ठेवण असेल तर वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका. स्नायू कमी म्हणजे जेवणातलं ग्लुकोज साठवायला जागाही कमी.

पायरी २: आपल्याला कोणती मोजपट्टी लागू आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण ‘१४०’, ‘१८०’, ‘२००’ हे आकडे वेगवेगळ्या कामांसाठी असतात आणि लोक ते एकमेकांत मिसळतात.

मधुमेह आहे की नाही हे ठरवायचं असेल तर मोजपट्टी अशी: रात्रभर उपाशी राहून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी शिरेतून रक्त द्यायचं. १४० च्या खाली असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या आधीचा टप्पा, २०० किंवा अधिक म्हणजे मधुमेह. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.५ किंवा अधिक, याही निदानाच्याच रेषा. स्पष्ट लक्षणं नसतील तर एकाच तपासणीवर शिक्का मारत नाहीत, खात्रीसाठी पुन्हा तपासतात. घरच्या मीटरवर निदान करायचं नसतं, स्वतःचं नाही आणि मेव्हण्याचं तर नाहीच.

निदान होऊन उपचार चालू असतील तर ध्येय वेगळं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शनानुसार बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवायला सुरुवात केल्यापासून एक ते दोन तासांनी १८० च्या आत. आपल्याकडचे बरेच डॉक्टर १६० चा आग्रह धरतात. म्हणजे आधीच मधुमेह असलेल्या माणसाला पीपी १६५ आली तर हातपाय गाळायचं कारण नाही. वय ऐंशीच्या घरात, सोबत हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, एकटं राहणं, अशी परिस्थिती असेल तर डॉक्टर मुद्दाम ढिलं ध्येय ठेवतात, कारण त्या वयात शुगर घसरून पडणं जास्त महागात जातं. आईचा आकडा आणि तुमचा आकडा एकाच पट्टीने मोजू नका.

गरोदरपणात पट्टी कडक होते: उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासाने १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत. सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला जेवली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी तपासतात. तिथे १४० किंवा अधिक आले तर ते गरोदरपणातला मधुमेह म्हणून धरतात. म्हणून सुनेचे १४५ बघून सासूबाईंनी “माझे तर दोनशे असतात” असा दिलासा देऊ नये.

लंडन किंवा मेलबर्नला राहणारा मुलगा फोनवर “माझी आठ आली” म्हणाला तर घाबरू नका. तिकडचं एकक वेगळं आहे. त्याच्या आकड्याला १८ ने गुणा: आठ म्हणजे १४४.

पायरी ३: घड्याळ पहिल्या घासाला लावा

दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. हात धुतल्यापासून नाही, पानसुपारीपासून तर नाहीच. आपलं घरचं जेवण वीस मिनिटांत उरकत असेल तर फरक थोडाच पडतो. पण पंगतीत किंवा हॉटेलात तासभर जेवत बसलात आणि शेवटच्या घासापासून दोन तास धरलेत, तर प्रत्यक्षात तीन तासांनंतरचा आकडा तुम्ही ‘पीपी’ म्हणून लिहून ठेवता आणि तो हमखास छान दिसतो. फोनमध्ये पहिल्या घासाला गजर लावणं सगळ्यात सोपं. मधल्या दोन तासांत चहा, बिस्किट, “फक्त एक फोड” असं काही नको. पाणी चालेल.

लॅबमध्ये जाताना एक विचारून घ्या: जेवून यायचं की तिथे ग्लुकोज पाजणार? दोन्हींना लोक पीपीच म्हणतात, पण त्या निरनिराळ्या तपासण्या आहेत. आधीच मधुमेह असेल तर नेहमीचं जेवण आणि नेहमीची औषधं घेऊनच पीपी द्यायची असते. तपासणी आहे म्हणून गोळी चुकवणं, किंवा त्या दिवशी दोनच इडल्या खाऊन जाणं, दोन्हींमुळे रिपोर्ट तुमच्या रोजच्या आयुष्याबद्दल काहीच सांगत नाही.

“पीपी फास्टिंगपेक्षा कमी कशी आली? लॅब चुकली का?” हा प्रश्न नेहमीचा. बहुतेक वेळा लॅब चुकलेली नसते. पहाटे शरीरातली कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स वाढतात आणि यकृत जास्त ग्लुकोज सोडतं, त्यामुळे फास्टिंग चढलेली असते. मग तुम्ही सकाळची गोळी घेता, जेमतेम नाश्ता करता, लॅबपर्यंत दोनदा चालत जाऊन येता. दोन तासांनी आकडा खाली असणं स्वाभाविकच आहे.

पायरी ४: बोट नीट टोचा

हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. नुसतं स्पिरिट फिरवणं पुरेसं नाही. आंबा किंवा संत्रं सोलल्यावर बोटाला राहिलेली साखर आकडा कित्येक पटींनी फुगवू शकते, आणि ‘३४०’ बघून रात्री अकराला दवाखान्याकडे धाव घेतली जाते. अनपेक्षित आकडा आला की पहिलं काम: हात धुऊन दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासा.

टोचायचं ते बोटाच्या टोकाच्या कडेला. मधोमध टोचलं तर जास्त दुखतं आणि नंतर काम करताना सलत राहतं. रक्त येत नसेल तर हात खाली सोडून झटका, कोमट पाण्यात धरा. बोट पिळून थेंब काढला तर आकडा बिघडू शकतो. सुई घरातल्या दोघांत वापरू नका, नवरा-बायको असलात तरी. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, तारीख बघा. कोकणात पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी म्हणजे पट्ट्या दमट होऊन वाया गेल्याच म्हणून समजा.

आता यंत्राच्या मर्यादेबद्दल. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चांगल्या मीटरलाही १०० च्या वरच्या आकड्यांत लॅबच्या तुलनेत १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा आहे. लॅबमध्ये १७० असेल तर मीटरवर १४५ ते १९५ मधलं काहीही दिसू शकतं. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तात ग्लुकोज शिरेतल्या रक्तापेक्षा जास्तच असतं. त्यामुळे “काल १६२ होती, आज १७१ झाली, काय चुकलं?” या प्रश्नाला उत्तर नाही, कारण काही चुकलेलंच नाही. तीस-चाळीसचा फरक वारंवार दिसला तरच त्याकडे बघा.

पायरी ५: जोडीने तपासा

या लेखातलं एवढं एकच करायचं ठरवलंत तरी चालेल. जेवणाआधी एकदा, पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा. दोन्ही आकडे शेजारी लिहा आणि ताटात काय होतं ते पुढे लिहा.

समजा दोन माणसांची पीपी २०५ आली. पहिल्याची जेवणाआधीची १७२ होती, म्हणजे जेवणाने वाढवले ३३. दुसऱ्याची जेवणाआधी १०८ होती, वाढले ९७. आकडा एकच असला तरी दुखणं वेगळं आहे. पहिल्याचं जेवण बऱ्यापैकी ठीक आहे. त्याची शुगर जेवायच्या आधीच चढलेली आहे, तिचं कारण रात्रीत, यकृतात किंवा अपुऱ्या औषधात आहे. त्याने भाकरी अर्धी करून उपाशी राहिल्याने फार काही साधणार नाही. त्याने डॉक्टरांना गाठावं. दुसऱ्याचं ताट तपासायला हवं, किंवा जेवणाआधीची गोळी वा इन्शुलिन वेळेवर घेतलं जातंय का ते. नुसता २०५ हा आकडा व्हॉट्सॲपवर टाकून दहा जणांचे सल्ले गोळा केले, तर त्यातले निम्मे पहिल्या माणसाचे उपाय दुसऱ्याला सांगतात.

वाढ ५० च्या आत असेल तर ते जेवण तुम्हाला झेपलं असं ढोबळमानाने धरायला हरकत नाही. ७०-८० च्या पुढे गेली तर त्या ताटात काहीतरी बदलायला हवं.

पट्ट्या महाग असतात. रोज सात वेळा टोचायची गरज नाही. एका आठवड्यात रोज एक जोडी करा, पण वेगवेगळ्या जेवणाची: सोमवारी नाश्ता, मंगळवारी दुपारचं, बुधवारी रात्रीचं, मग पुन्हा पहिल्यापासून. आठवड्याअखेरीस कोणत्या वेळेची जोडी सगळ्यात वाईट आहे ते आपोआप दिसतं. अनेक मधुमेहींमध्ये तो नाश्ता निघतो, कारण सकाळी इन्शुलिनचा परिणाम कमी होतो आणि आपला नाश्ता पोहे, उपमा, शिरा, चहा-टोस्ट असा जवळजवळ निव्वळ पिठूळ असतो.

पायरी ६: ताटात काय आहे ते मोजा

शुगर चढवतो तो मुख्यतः पिष्टमय आणि गोड भाग. ढोबळ अंदाज असा ठेवा. चहाचा सपाट चमचा साखर ५ ग्रॅम. मध्यम पोळीत २० ते २५ ग्रॅम. ज्वारीची हातभर भाकरी असेल तर ४० च्या पुढे, म्हणजे जवळपास दोन पोळ्यांइतकी. भात १०० ग्रॅम, म्हणजे वाटीत न दाबता भरलेला, २५ ते ३०. घट्ट वरणाची किंवा उसळीची वाटी १५ च्या आसपास, पण तिच्यासोबत प्रथिनं आणि चोथा येतो, म्हणून ती हळू चढते. कपभर दूध १०. एक केळं २० ते २५.

“भाकरीने शुगर वाढत नाही” असं ठामपणे सांगणारे बरेच भेटतील. वाढते. पोळीपेक्षा भाकरीने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, चोथाही बरा मिळतो, पण दोन भाकऱ्या खाल्ल्या तर ८०-९० ग्रॅम पिष्ट पोटात गेलंच. नाचणीचंही तसंच. नाचणीची भाकरी एक वेळ ठीक, पण वस्त्रगाळ सत्त्व शिजवून पातळ करून प्यायलं तर ते झपाट्याने चढतं, मग डब्यावर काहीही छापलेलं असो. धान्य जितकं बारीक दळलेलं, जितकं पातळ शिजवलेलं, तितकं ते लवकर रक्तात जातं. गूळ, मध, काकवी यांना शुगरच्या बाबतीत साखरेपासून वेगळं काढू नका. गुळाच्या चहाने तुमच्या मीटरची दिशाभूल होत नाही.

पोह्यांवर एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. एका सकाळी नेहमीसारखी बशीभर पोहे आणि गोड चहा, जोडीने तपासणी. दोन-तीन दिवसांनी त्याच वेळी पोहे निम्मे, त्यात शेंगदाणे आणि मटार भरपूर, सोबत मोड आलेल्या मटकीची वाटी किंवा दोन उकडलेली अंडी, चहा बिनसाखरेचा. झोप, औषध, चालणं तसंच ठेवा. पोट दोन्ही दिवशी सारखंच भरेल, वाढ मात्र बहुतेकांना वेगळी दिसेल. एका वेळी शक्यतो एकच गोष्ट बदलावी हे खरं, पण नवख्याला आधी फरक ठळक दिसावा म्हणून इथे चहाही बदलायला सांगितला. पुढच्या फेरीत चहा तसाच ठेवून बघा.

उपवासाचं पान खरं अवघड. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च: १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक. त्यात बटाटा, वर बटाट्याचा कीस आणि खजूर. आषाढी एकादशीला सहज मापून बघा, वर्षभर भाताला घाबरणारे त्या दिवशी भाताच्या दुप्पट पिष्ट खातात. भगर थोडी बरी, पण तीही धान्यासारखीच चढते. खिचडी करायचीच असेल तर लहान वाटीभर, दाण्याचं कूट सढळ हाताने, सोबत दह्यातली काकडीची कोशिंबीर आणि दाण्याची आमटी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल आणि दिवसभर काही न खाता राहायचा बेत असेल तर आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा. श्रावणी सोमवारीही हेच लागू.

मग वाढण्याचा क्रम. आपल्या पंगतीत पहिला मान वरणभाताचा, वर तूप-लिंबू. चवीला तोड नाही, पण रिकाम्या पोटी पहिला घास भाताचा गेला की चढ लवकर सुरू होतो. तेच जेवण, तेवढंच, पण आधी कोशिंबीर, भाजी, उसळ, अंडी-मासे यांपैकी काहीतरी खाऊन मग पोळी-भात घेतला तर अनेकांची दोन तासांची वाढ कमी होते. खर्च शून्य आणि काहीही सोडावं लागत नाही, म्हणून मी हा उपाय पहिल्या आठवड्यातच करून बघायला सांगतो. पानातली डावी बाजू तोंडी लावण्यापुरती न ठेवता तिला वाटीची जागा द्या, इतकंच.

तांदळाच्या जातीवर लोक तासन्‌तास वाद घालतात. कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ साध्या पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा साधारणपणे जरा संथ चढतो, शिळ्या भाताचा फोडणीचा भातही किंचित. पण वाटी एकाची दोन झाली की हे सगळे फायदे वाहून जातात.

फळं तोडू नका. हापूसचा मोसम आला की एक मध्यम आंबा कापून, मधल्या वेळेला, जेवणापासून लांब. आमरस-पुरीचं गणित निराळं: वाटीत तीन आंबे, गाळताना चोथा गेलेला, वर साखर, सोबत तळलेली पुरी. तळकट जेवणात एक गुंतागुंत असते. तूप-तेलामुळे पोट उशिरा रिकामं होतं आणि चढ पुढे सरकतो. पुरी-बासुंदी किंवा कोंबडी-वड्यांवर ताव मारल्यावर दोन तासांनी १६० दिसून खूश व्हाल आणि चार तासांनी २४० असेल. अशा जेवणानंतर एकदा तरी चौथ्या तासाला टोचून बघा.

पायरी ७: जेवणानंतर चाला

शतपावलीची आपली रीत इथे उत्तम कामाला येते, फक्त शंभरावर थांबू नका. शंभर पावलं मिनिटभरात संपतात. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटं साध्या चालीने चाला. चालणारे स्नायू ग्लुकोज खेचून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्शुलिनची तितकीशी गरज लागत नाही. पहाटे तासभर फिरणाऱ्यांनीही रात्रीच्या जेवणानंतरच्या या दहा मिनिटांची जोडी एकदा तपासावी. गुडघे दुखत असतील तर घरातच उभ्याने भांडी विसळणं, आवराआवर यानेही काही प्रमाणात साधतं. पुरुष वाचकांनी याची नोंद घ्यावी.

सगळं नीट असूनही आकडे आठवडाभर चढलेलेच असतील तर ताटाबाहेर बघा: ताप, दाताचा किंवा लघवीचा संसर्ग, सलग अपुरी झोप, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी दिलेली स्टिरॉइड्स. स्टिरॉइड्समध्ये तर फास्टिंग बरी आणि दुपारनंतरची शुगर भडकलेली, असं चित्र अगदी ठरलेलं.

पायरी ८: घसरण ओळखा

पीपीच्या मागे लागलेली माणसं कधी कधी दुसऱ्या टोकाला जातात. ७० च्या खाली शुगर म्हणजे कमी. हात थरथरणं, घाम, धडधड, अचानक कडकडून भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. अशा वेळी १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यातून लगेच. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर काहीतरी खाऊन घ्या. पेढा, बर्फी, चॉकलेट या कामाचे नाहीत, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा पोचते.

एक बारकावा कित्येक घरांत माहीत नसतो. तुमच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साध्या साखरेचं आतड्यात विघटनच मंदावलेलं असतं. तिथे केमिस्टकडची ग्लुकोज पावडरच हवी. पाकिटावरची नावं आजच वाचून बघा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

वरच्या बाजूची सीमा: शुगर सतत ३०० च्या आसपास, सोबत उलट्या, पोटात दुखणं, जोरात श्वास किंवा गुंगी, तर सकाळची वाट बघू नका. टाइप १ मधुमेह (ज्यात शरीरात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही) असेल तर २५० पासूनच सावध व्हा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उलट्या आणि धाप लागली तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही धोका असू शकतो, हे डॉक्टरांना औषधाचं नाव घेऊन सांगा.

पायरी ९: एचबीएवनसीशी ताडून बघा

एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज. मीटरचे सगळे आकडे सुंदर आणि एचबीएवनसी ८.५ असेल, तर तुम्ही बहुधा नेमक्या चांगल्या वेळेलाच टोचताय. ज्या जेवणाची जोडी कधीच घेतली नाही, ती घ्या. उलट, ही तपासणीही चकवू शकते. लोहाची कमतरता असेल तर ती जास्त दिसू शकते, नुकतंच रक्त चढवलं असेल तर बिघडते, आणि सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांत तिच्यावर विसंबता येत नाही. विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. तिथे डॉक्टरांना घराण्यातला इतिहास आपणहून सांगा. अशा वेळी जेवणाआधी-नंतरच्या जोड्या आणि फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी यांवर भिस्त ठेवावी लागते.

दंडाला चिकटवायचा, दिवसरात्र शुगर मोजणारा सेन्सर परवडत असेल तर एकदा दोन आठवडे लावून बघायला चांगला. तो रक्त मोजत नाही, त्वचेखालचा द्रव मोजतो, म्हणून आकडा काही मिनिटं मागे असतो. त्या कुशीवर झोपलात तर खोटी घसरण दाखवतो. मधुमेह नसलेल्यांनी हौसेने लावून प्रत्येक चढाला घाबरू नये. जेवणानंतर थोड्या वेळासाठी १४० ओलांडणं निरोगी माणसातही दिसतं.

पायरी १०: डॉक्टरांकडे जाताना

वहीचं एक पान पुरे. तारीख, पहिल्या घासाची वेळ, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, ताटात काय, औषध कधी घेतलं, चाललात का. उदाहरणार्थ: “दुपारी १.१०, आधी ११८, नंतर १९६, दोन पोळ्या, भात एक वाटी, बटाटा, गोळी जेवल्यावर आठवली.” एवढ्या एका ओळीवरून डॉक्टर पाच मिनिटांत निर्णय घेऊ शकतात. मीटरही सोबत न्या. लॅबमध्ये रक्त देताना त्याच मिनिटाला बोटही टोचून आकडा लिहून ठेवलात, तर तुमचं यंत्र किती इकडेतिकडे दाखवतं तेही कळेल. मात्र हे उपाशीपोटीच्या नमुन्याबरोबर करा, जेवणानंतर बोट आणि शीर जुळत नाहीत.

विचारायचे प्रश्न तीनच: माझ्यासाठी जेवणाआधीचं आणि नंतरचं ध्येय किती? माझ्या औषधांपैकी कशाने शुगर घसरू शकते? आणि कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर? आकडे स्थिरावले आणि इन्शुलिन चालू नसेल, तर पुढे आठवड्याला एक-दोन जोड्या आणि भेटीच्या आधीचे तीन दिवस थोडं जास्त, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. औषध बदललं, आजारी पडलात किंवा गणपतीत मोदकांची रांग लागली, तर त्या आठवड्यात पट्ट्यांची डबी पुन्हा पुढे काढा.